स्टीव्ह कर यांच्या प्रशिक्षकपदात त्यांच्या खेळाडूपणाचा वाटा किती?

प्रश्न: रेषेबाहेरून, पुणे

नमस्कार. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम मालिकेचे सामने आपल्याकडे सकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात. २०१५ साली गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हलियर्स यांच्यात झालेली मालिका मी ऑफिसला उशीर करकरून पूर्ण पाहिली आणि तेव्हापासून वॉरियर्सचे मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर यांच्याविषयीचे कुतूहल मनात घर करून आहे.

मे २०१४ मध्ये वॉरियर्सने कर यांची नेमणूक केली, तोवर त्यांनी कोणत्याही पातळीवर एकाही संघाला प्रशिक्षण दिलेले नव्हते. ते पंधरा हंगाम खेळले होते, काही काळ फिनिक्स सन्सचे जनरल मॅनेजर (संघबांधणी पाहणारे अधिकारी) होते, टीव्हीवर समालोचन करत होते. पण सामना चालू असताना बाकाशेजारी उभे राहून संघ चालवण्याचा अनुभव शून्य होता. असे असूनही पहिल्याच हंगामात संघाने ८२ पैकी ६७ सामने जिंकले आणि तब्बल ४० वर्षांनी विजेतेपद मिळवले. दुसऱ्या हंगामात ७३ विजय आणि ९ पराभव असा विक्रम झाला. २०१७, २०१८ आणि २०२२ मध्ये आणखी विजेतेपदे आली, आणि २०२४ मध्ये पॅरिसला त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अमेरिकेने ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले.

माझा प्रश्न असा, की ते स्वतः व्यावसायिक खेळाडू होते याचा या यशात नेमका उपयोग कोठे झाला? जो खेळला आहे त्यालाच खेळ शिकवता येतो, असे आपण सहज बोलून जातो. पण मॅजिक जॉन्सन यांच्याइतका थोर खेळाडू १९९४ मध्ये लेकर्सचा प्रशिक्षक झाला आणि १६ सामन्यांत ५ विजय मिळवून बाजूला झाला, हेही खरे आहे. शिवाय स्टीफन करी, क्ले थॉम्पसन आणि ड्रेमंड ग्रीन हे तिघेही कर येण्याआधीच वॉरियर्समध्ये होते. मग कर यांचे स्वतःचे असे योगदान कोणते?

विचारण्यामागे माझा स्वार्थ आहे, तोही सांगतो. मी तीन वर्षे विद्यापीठाच्या संघात होतो, त्यातला बहुतेक काळ राखीव. यंदा आमच्या क्लबने सोळा वर्षांखालील मुलांचा संघ माझ्याकडे सोपवला आहे. मुले बारा आहेत आणि मैदानात एका वेळी पाचच उतरतात. उरलेल्या सात जणांकडे वळून पाहिले की त्यांच्याशी काय बोलावे, हे मला अजून कळलेले नाही.

उत्तर: सहावा गडी, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

तुम्ही शेवटी ज्या सात मुलांचा उल्लेख केला आहे, तिथूनच उत्तराला सुरुवात करतो, कारण कर यांची खेळाडू म्हणून कारकीर्द त्याच बाकावर घडली.

१९८८ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सन्सने त्यांना घेतले ते दुसऱ्या फेरीत, पन्नासाव्या क्रमांकावर. त्याआधी १९८६ मध्ये स्पेनमधील जागतिक स्पर्धेत अमेरिकेकडून खेळताना गुडघा दुखावल्याने ॲरिझोना विद्यापीठातील एक पूर्ण हंगाम त्यांना बाहेर बसून काढावा लागला होता. पुढे एनबीएत ते ९१० सामने खेळले आणि त्यांपैकी सुरुवातीच्या पाचांत त्यांचे नाव केवळ ३० सामन्यांत होते. सरासरी सामन्याला सहा गुण. तीन गुणांच्या फेकीत मात्र ४५.४ टक्के अचूकता, जी कारकिर्दीच्या हिशेबाने एनबीएतील सर्वोत्तम आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा: नेमबाज असा, की त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि तरीही त्याचे काम म्हणजे बोलावणे येईपर्यंत थांबणे.

ते थांबणे कसे असते, याची दोन चित्रे आहेत. पहिले प्रसिद्ध आहे. १९९७ च्या अंतिम मालिकेतील सहावा सामना, शिकागो बुल्स आणि युटा जॅझ ८६-८६ असे बरोबरीत. युटाचे जॉन स्टॉकटन दुहेरी बचावासाठी आपल्याकडे धावतील, हे मायकेल जॉर्डन यांनी टाइमआउटमध्येच ओळखले होते आणि कर यांना तयार राहायला सांगितले होते. तसेच झाले. स्टॉकटन सरकले, पास आला, कर यांनी फ्री थ्रो रेषेच्या आसपासून चेंडू टाकला आणि पाच सेकंद उरलेले असताना बुल्स पुढे गेले. दुसरे चित्र फारसे कोणी सांगत नाही, पण मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते. २००३ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्स आणि डॅलस मॅव्हरिक्स यांच्यात पश्चिम विभागाची अंतिम फेरी चालू होती. कर तेव्हा ३७ वर्षांचे होते आणि त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, त्यांना मैदान जवळजवळ मिळालेच नव्हते. सहाव्या सामन्यात टोनी पार्कर आजारी, संघ पिछाडीवर, म्हणून प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी कर यांना उतरवले. त्यांनी तीन गुणांच्या चार फेकी केल्या आणि चारही आत गेल्या. स्पर्सने तो सामना ९०-७८ असा जिंकून मालिका संपवली. आठवडेच्या आठवडे बसून राहिलेला माणूस एकदम उठून असे खेळू शकतो याचा अर्थ तो मनाने रोज खेळतच होता, आणि त्याला तसे ठेवण्यात पोपोविच यांचा वाटा होता. शिकागोत फिल जॅक्सन आणि सॅन अँटोनियोत पोपोविच या दोघांच्या हाताखाली कर यांनी पाच विजेतेपदे पाहिली, तीही बहुतांशी बाकावरून, म्हणजे प्रशिक्षकाच्या अगदी शेजारून.

आता २०१४ कडे येऊ. कर यांनी आल्याबरोबर जो पहिला अवघड निर्णय घेतला, तो आंद्रे इगुडाला यांच्याविषयी. इगुडाला तोवर ७५८ सामने खेळले होते आणि त्यांतील प्रत्येक सामन्यात ते सुरुवातीच्या पाचांत होते. कर यांनी त्यांना राखीव म्हणून यायला सांगितले आणि ती जागा तरुण हॅरिसन बार्न्स यांना दिली. इगुडाला यांना ते आवडले नव्हते, पण त्यांनी मान्य केले. तीस वर्षे सुरुवातीच्या पाचांतच वावरलेला एखादा महान खेळाडू प्रशिक्षक म्हणून हेच सांगता, तर ते शब्द वेगळे ऐकू आले असते. कर स्वतः आयुष्यभर ते काम करून आले होते, म्हणून त्यांच्या तोंडी ते काम कमी दर्जाचे वाटत नव्हते.

आणि याचा परतावा तुम्ही पाहिलेल्या मालिकेत मिळाला. क्लीव्हलँड २-१ ने पुढे होते. निक युरेन नावाचा एक तरुण सहायक, ज्याचे काम मुख्यतः चित्रफिती आणि इतर व्यवस्था पाहणे हे होते, २०१४ च्या अंतिम मालिकेतील स्पर्सचे सामने पुन्हा पाहत बसला होता. स्पर्सने मध्येच बोरिस डिआव यांना सुरुवातीपासून खेळवून मालिका फिरवली होती, हे त्याच्या लक्षात आले. सात फूट उंचीच्या अँड्र्यू बोगट यांच्याऐवजी इगुडाला यांना उतरवावे, ही सूचना त्याने रात्री उशिरा सहायक प्रशिक्षक ल्यूक वॉल्टन यांना कळवली आणि सकाळी ती कर यांच्यापर्यंत पोहोचली. कर यांनी ती स्वीकारली. चौथा सामना वॉरियर्सने १०३-८२ असा जिंकला, नंतरचे दोन्ही जिंकले, आणि साखळीच्या एकाही सामन्यात सुरुवातीला न उतरलेले इगुडाला अंतिम मालिकेचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. युरेनचे नाव कर यांनी स्वतः पत्रकारांसमोर घेतले. टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाचे ऐकून घेण्याची ही सवय कुठून आली, हे वेगळे सांगायला नको.

खेळाच्या पद्धतीविषयीही थोडे लिहितो. कर येण्याआधीच्या हंगामात वॉरियर्सचे ५१ विजय होते, पण सामन्यामागे पास देण्यात हा संघ तीस संघांत शेवटचा होता. कर यांनी सामन्याला तीनशे पास हे लक्ष्य ठेवले. शिकागोत टेक्स विंटर यांनी रुजवलेला त्रिकोणी आक्रमणाचा विचार, स्पर्सची सतत हलणारी मांडणी, सन्सचा वेग आणि जेरी स्लोन यांच्या युटा जॅझचे चेंडूविना धावणे, असे ते एकत्र बांधणे होते. स्लोन यांच्या संघाविरुद्ध कर दोन अंतिम मालिका खेळले होते. करी यांच्याकडे चेंडू नसतानाही बचाव करणाऱ्यांची झोप उडालेली असते, हे जे आपण आज पाहतो, त्याची घडण तिथली आहे. सामन्यामागे असिस्टची (थेट गुण मिळवून देणाऱ्या पासची) सरासरी एका वर्षात २३.३ वरून २७.४ वर गेली आणि ती त्या हंगामातील सर्वाधिक होती.

उत्तर: आकडेमोड, ठाणे

वरील उत्तर मनापासून आवडले, तरी त्यातील मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही आणि त्याचे कारण डेरेक फिशर हे आहे.

२०१४ च्या त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सची सूत्रे फिल जॅक्सन यांच्याकडे होती आणि प्रशिक्षक म्हणून त्यांना कर हवे होते. कर यांनी वॉरियर्सची निवड केल्यावर निक्सने फिशर यांना नेमले. दोघांची पार्श्वभूमी ताडून पाहा. फिशर हेही गार्ड, तेही महान खेळाडूंच्या सावलीत खेळलेले, त्यांचीही पाच विजेतेपदे, तीही जॅक्सन यांच्याच हाताखाली, अंतिम क्षणी नेम साधण्याची त्यांचीही ख्याती, आणि प्रशिक्षणाचा अनुभव त्यांनाही नव्हता. पहिल्या हंगामात कर यांचे ६७ विजय झाले; फिशर यांच्या संघाचे १७ विजय आणि ६५ पराभव. फेब्रुवारी २०१६ मध्ये फिशर यांना दूर करण्यात आले, तेव्हा त्यांची एकूण नोंद ४० विजय आणि ९६ पराभव अशी होती. बाकावर बसण्यातून प्रशिक्षक घडत असेल, तर तो न्यूयॉर्कमध्येही घडायला हवा होता.

फरक हाती आलेल्या संघात होता. करी, थॉम्पसन, ग्रीन, बोगट, इगुडाला, बार्न्स हे सगळे कर यांच्या आधीचे प्रशिक्षक मार्क जॅक्सन यांच्या संघात होते. मार्क जॅक्सन यांनी त्या संघाला बचाव शिकवला, सलग दोन वर्षे प्लेऑफमध्ये नेले, आणि त्यांचे श्रेय आज जवळजवळ पुसले गेले आहे, हे मला अन्यायाचे वाटते. तेही माजी खेळाडूच होते आणि खेळाडू म्हणून कर यांच्यापेक्षा कितीतरी मोठे होते.

दुसरा पुरावा २०१९-२० चा. केविन ड्युरंट संघ सोडून गेले, थॉम्पसन गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभर बाहेर, आणि हंगामाच्या चौथ्याच सामन्यात करी यांचा हात मोडला. प्रशिक्षक तेच, पद्धत तीच, पण नोंद १५ विजय आणि ५० पराभव.

तिसरा पुरावा उलट बाजूने येतो. २०१५ च्या उन्हाळ्यात पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर कर यांना इतका त्रास झाला, की जानेवारी २०१६ पर्यंत ते बाकाशेजारी येऊच शकले नाहीत. वॉल्टन यांनी हंगामी सूत्रे घेतली, पहिले २४ सामने सलग जिंकले आणि ३९ विजय, ४ पराभव अशा स्थितीत संघ कर यांच्या हाती परत दिला. २०१७ च्या प्लेऑफमध्ये पुन्हा तोच त्रास उद्भवला, तेव्हा सहायक माइक ब्राउन यांनी ११ सामने सांभाळले आणि अकराही जिंकले. मुख्य प्रशिक्षक नसतानाही संघ असा खेळत असेल, तर त्या खुर्चीचे मोल आपण जरा जास्तच धरतो की काय, असा प्रश्न मला पडतो.

कर यांच्या यशाचे कारण शोधायचेच असेल, तर मी ते त्यांच्या खेळाडूपणात शोधण्याऐवजी २००७ ते २०१० या काळातील फिनिक्समधल्या चुकांत शोधीन. जनरल मॅनेजर असताना त्यांनी शॉन मॅरियन यांना देऊन शकील ओनील यांना आणले, प्रशिक्षक माइक डँटोनी गेल्यावर टेरी पोर्टर यांना प्रशिक्षक नेमले आणि देशातील सर्वांत वेगवान संघाला सावकाश खेळायला लावले. ते फसले. पोर्टर यांना हंगामाच्या मध्येच जावे लागले, त्यांच्या जागी आलेल्या ॲल्विन जेंट्री यांनी वेग परत आणला आणि २०१० मध्ये तोच संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. चार वर्षांनी कर यांनी वॉरियर्समध्ये आपला पहिला सहायक म्हणून कोणाला बोलावले? जेंट्री यांनाच. ज्याने आपली चूक दुरुस्त करून दाखवली त्याला शेजारी बसवणे, ही मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

उत्तर: वरळी सी फेस, मुंबई

या चर्चेला एक छोटीशी मुंबईची पुरवणी जोडतो.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचा भारतातील पहिला सामना झाला. सॅक्रामेंटो किंग्स विरुद्ध इंडियाना पेसर्स. त्या दिवशी प्रेक्षकांत शाळांतील मुलेच होती आणि आमच्या शाळेच्या तुकडीबरोबर शिक्षक म्हणून मीही होतो. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा जिंकला. आवाज इतका होता, की शेजारच्या मुलाशी बोलायचे तर कानाशी जावे लागत होते. किंग्सच्या बाकासमोर उभे असलेले उंच गृहस्थ म्हणजे वर ज्यांचा उल्लेख झाला तेच ल्यूक वॉल्टन.

किंग्सचे मालक विवेक रणदिवे हे मुंबईतच जन्मलेले आणि किंग्स विकत घेण्यापूर्वी वॉरियर्सच्या मालकांपैकी एक होते. त्यांच्या संघाने वॉल्टन यांना घेतले, त्यांना काढल्यावर हंगामी म्हणून जेंट्री आले आणि २०२२ मध्ये माइक ब्राउन. एकापाठोपाठ एक तिन्ही प्रशिक्षक कर यांच्या बाकावर बसून गेलेले. ब्राउन यांनी पहिल्याच वर्षी सोळा हंगामांच्या खंडानंतर किंग्सला प्लेऑफमध्ये नेले आणि वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांची एकमताने निवड झाली. पण पहिल्या फेरीत समोर वॉरियर्सच उभे ठाकले, सातव्या सामन्यात करी यांनी ५० गुण केले आणि किंग्स बाहेर पडले.

आकडेमोड यांनी वॉल्टन आणि ब्राउन यांच्या विजयांतून जो निष्कर्ष काढला आहे, तो मला उलटा वाटतो. आमच्या मुख्याध्यापिका दोन महिने रजेवर होत्या आणि शाळा एक दिवसही अडखळली नाही, तेव्हा त्या नसल्या तरी चालते असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. त्यांनी घडी किती नीट बसवली आहे, हे उमगले. वॉल्टन यांनी जिंकलेले ते ३९ सामने नोंदवहीत कर यांच्या नावावर जमा आहेत. कर यांना त्याचे अवघडल्यासारखे होत असेल, पण घडी त्यांनीच बसवली होती.

उत्तर: नागपूरकरीण

मी दहा वर्षे राज्य पातळीवर खेळले आणि गेली अनेक वर्षे मुलींना शिकवते आहे. माझे मत वरच्या दोन्ही बाजूंच्या मधले आहे. खेळाडू म्हणून आलेला अनुभव प्रशिक्षकाला उपयोगी पडतो, पण तो प्रत्येक वेळी तसाच लागू पडेल याची खात्री नसते, आणि कर यांच्याच बाबतीत हे स्पष्ट दिसते.

१९९५ च्या हंगामपूर्व सरावात जॉर्डन आणि कर यांच्यात हाणामारी झाली. जॉर्डन यांनी कर यांना ठोसा मारला, कर यांचा डोळा काळानिळा झाला, फिल जॅक्सन यांनी जॉर्डन यांना सरावातून घालवून दिले, आणि त्याच दिवशी जॉर्डन यांनी फोन करून माफी मागितली. त्यानंतर दोघांचे नाते सुधारले आणि त्या हंगामात बुल्सने ७२ सामने जिंकले. कर यांनी ही आठवण अनेकदा सांगितली आहे आणि तिचा सूर नेहमी असा असतो, की मी मागे हटलो नाही म्हणून विश्वास मिळवला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अगदी असाच प्रसंग प्रशिक्षक म्हणून त्यांच्यासमोर आला. सरावात ड्रेमंड ग्रीन यांनी तरुण जॉर्डन पूल यांना ठोसा मारला. फरक असा, की त्याची चित्रफीत बाहेर फुटली आणि जगाने ती पुन्हा पुन्हा पाहिली. ग्रीन काही दिवस संघापासून दूर राहिले, त्यांना दंड झाला, पण सामन्यांतून निलंबन झाले नाही आणि हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून ते मैदानात होते. ती भेग भरली नाही. संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत लेकर्सकडून हरला आणि उन्हाळ्यात पूल यांना वॉशिंग्टनला पाठवण्यात आले. १९९५ ची जखम बंद दाराआड भरली, कारण ती बंद दाराआड होती आणि दोघांनाही ती मिटवायची होती. पूल यांना रोज त्या चित्रफितीसह मैदानात उतरायचे होते. मला वाटते, कर यांना आपला स्वतःचा भूतकाळ इथे उपयोगी पडण्याऐवजी आडवा आला असावा. आपण सावरलो, तसाच हाही सावरेल, असे आम्हा जुन्या खेळाडूंना फार लवकर वाटते. माझ्या हातूनही एका मुलीच्या बाबतीत हीच चूक झाली आहे आणि ती मुलगी खेळ सोडून गेली.

तरुण खेळाडूंच्या बाबतीत त्यांची दुसरी मर्यादा दिसते. २०२० मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेले जेम्स वाइजमन तेथे घडले नाहीत आणि अडीच वर्षांत त्यांना जावे लागले. दुखापती होत्याच, पण ज्या पद्धतीत प्रत्येक पाऊल समोरच्याचे पाऊल पाहून टाकायचे असते, ती पद्धत एकोणीस वर्षांच्या मुलाला पेलणे कठीण असते. ती ज्यांना येते, त्यांच्यासाठी तिच्याइतकी सुंदर गोष्ट नाही.

पण सहावा गडी यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो तो फेब्रुवारी २०२४ मधील एका सामन्यामुळे. क्ले थॉम्पसन, चार विजेतेपदांचे धनी, दोन भयंकर दुखापतींतून परत आलेले, आणि आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. कर यांनी त्यांना राखीव म्हणून यायला सांगितले. २०१२ नंतर प्रथमच थॉम्पसन सामना सुरू होताना बाकावर बसले. युटामधील त्या सामन्यात त्यांनी उठून ३५ गुण केले. त्या आधीचे बोलणे किती जड गेले असेल, याची मला कल्पना आहे. मी असे बोलणे दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. थॉम्पसन त्या उन्हाळ्यात डॅलसला निघून गेले, म्हणजे तो प्रसंगही काही किंमत न घेता पार पडला नाही.

पॅरिसलाही हेच. जेसन टेटम नुकतेच बोस्टनबरोबर विजेतेपद जिंकून आलेले, तरी सर्बियाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत, त्यांपैकी एक उपांत्य सामना, कर यांनी त्यांना एक मिनिटही खेळवले नाही. चाळीस मिनिटांचा सामना आणि बारा तारे, म्हणजे कोणीतरी बसणारच. उपांत्य सामन्यात शेवटच्या पाव भागाच्या सुरुवातीला अमेरिका १३ गुणांनी मागे होती आणि तरीही ९५-९१ अशी जिंकली. अंतिम सामन्यात फ्रान्सला ९८-८७ असे हरवले. बोस्टनमध्ये लोक कर यांच्यावर रागावले. कर यांनी मात्र पहिल्या सामन्यानंतर लगेच, उघडपणे, टेटम यांच्यासारख्याला बसवून ठेवल्याचे आपल्याला वाईट वाटते, असे सांगितले. असे सांगण्याने मिनिटे परत मिळत नाहीत, पण बसलेल्या माणसाला ते ऐकायचे असते.

रेषेबाहेरून, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने कोणी लिहील असे वाटले नव्हते. एक शेवटचे विचारतो. इगुडाला आणि थॉम्पसन यांना निदान भरपूर मिनिटे मिळत राहिली. ज्याला जवळजवळ काहीच मिळत नाही, अशा खेळाडूला कर यांनी कसे सांभाळले, याचे उदाहरण आहे का?

सहावा गडी, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

आहे, आणि ते त्याच पहिल्या हंगामातील आहे.

डेव्हिड ली हे २०१३ मध्ये ऑल-स्टार (निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक) होते आणि २०१४-१५ मध्ये वॉरियर्समधील सर्वाधिक पगार त्यांचाच होता. हंगाम सुरू होताना त्यांच्या मांडीचा स्नायू दुखावला, त्यांच्या जागी दुसऱ्या फेरीत निवडलेले ड्रेमंड ग्रीन उतरले आणि ती जागा लींना पुन्हा मिळाली नाही. बरे होऊन आल्यावरही ते मागच्या रांगेतच राहिले. त्यांनी तक्रार करून वातावरण बिघडवले असते, तर त्यांना दोष देणे अवघड होते.

त्याआधीच्या काळात, म्हणजे समालोचन करत असताना, कर यांनी माजी प्रशिक्षक जेफ व्हॅन गंडी यांच्या सल्ल्यावरून आपले प्रशिक्षणाविषयीचे विचार लिहून ठेवायला सुरुवात केली होती. नेमणूक झाल्यावर हंगामापूर्वी ते सिॲटलला अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या सराव शिबिरात जाऊन राहिले, आणि तिथून आल्यावर त्यांनी चार गोष्टी निश्चित केल्या: आनंद, सजगता, करुणा आणि स्पर्धा. यांतील पहिली गोष्ट आनंद आहे. सरावात गाणी वाजत, मैदानाच्या मध्यातून चेंडू फेकण्याच्या पैजा लागत, आणि त्यात बाराव्या क्रमांकाचा खेळाडूही करी यांच्या बरोबरीने असे. आकडेमोड फिशर यांच्याविषयी जे म्हणतात ते मला मान्य आहे. बाकावर बसल्याने कोणी आपोआप प्रशिक्षक होत नाही. कर यांनी त्या बसण्यातून काय टिपून ठेवले, याकडे मी पाहतो.

२०१८ मधील एक दृश्य तुम्ही पाहिले असेल. फिनिक्सविरुद्धच्या सामन्यात त्यांनी डावपेच रेखाटायची फळी आणि पेन खेळाडूंच्याच हाती दिले. एका टाइमआउटला इगुडाला, एकाला ग्रीन, एकाला डेव्हिड वेस्ट. कर घोळक्याच्या कडेला उभे राहून ऐकत होते. माझा आवाज ऐकून यांना कंटाळा आला आहे, असे त्यांनी नंतर सांगितले. संघ १२९-८३ असा जिंकला. समोरच्या संघातील काहींना तो अपमान वाटला आणि त्यांचे म्हणणे मी समजू शकतो, पण त्या दिवशी सर्वांत टोकाला बसणाऱ्यालाही पुढच्या टाइमआउटला आपली पाळी येऊ शकते म्हणून सामना बारकाईने पाहावा लागला.

आता ली. २०१५ च्या अंतिम मालिकेत सुरुवातीला ते बाकावरच होते. तिसऱ्या सामन्यात वॉरियर्सचे आक्रमण पार गोठले होते, कारण क्लीव्हलँड करी यांच्यावर दोन-दोन जण पाठवत होते. कर यांनी लींना उतरवले. करी यांच्यासाठी स्क्रीन लावून (बचावपटूची वाट अडवून) ली बास्केटकडे वळत, करी दोघांच्या डोक्यावरून त्यांना पास देत, आणि वॉरियर्सचे चार व समोर बचावाला तीनच अशी स्थिती तयार होई. लींनी ११ गुण केले आणि संघ मोठ्या पिछाडीवरून परत आला. तो सामना वॉरियर्स ९६-९१ असा हरले, म्हणून तो कोणाच्या लक्षात राहत नाही. पण क्लीव्हलँडचा दुहेरी बचाव कसा फोडायचा, हे संघाला त्या रात्री शेवटच्या पाव भागात उमगले आणि पुढचे तिन्ही सामने त्यांनी जिंकले.

तुमच्या सात मुलांना हा तिसरा सामना दाखवा. चौथा त्यांनी पाहिलेला असेल.